बॅरिटोनचं तोंड

अण्णा, भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेतो, तुमच्या फोटोकडे बघतो आणि तेच बोलतो, "या वयात फुंकायची काय गरज होती?" कुणी हळू बोलतं, कुणी मुद्दाम मला ऐकू जाईल असं. सुरुवातीला मी गप्प बसले. मग परवा तुमच्या चुलतबहीण, आत्याबाई, पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "फुंकून फुंकूनच छाती खलास झाली बघा," तेव्हा मी हातातला ट्रे टेबलावर ठेवला. म्हणाले, "आत्याबाई, छाती शेवटपर्यंत धडधाकट होती. हृदय थकलं. आणि अण्णा वाजवत होते म्हणून दोन वर्षं या घरात हसू होतं. ते तुम्हाला दिसलं नाही का?"

तुमच्या लेकानं, संदीपनं, माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. दुखवट्याच्या घरात सुनेनं असं तोंड उघडायचं नसतं, हे मला बीडमध्येही शिकवलं होतं आणि मोशीतही. पण या घरात मी सगळ्यात जास्त तुमच्याकडून शिकले, त्याला मी काय करू?

डॉक्टरांनाही मी सरळ विचारलं होतं. वाजवल्यामुळे झालं का? त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, वय बघा त्यांचं. दुपारचा चहा पिऊन खुर्चीत मान टाकणं सगळ्यांच्या नशिबात नसतं." मला तेवढं पुरे आहे. बाकीच्यांना पुरत नसेल तर तो त्यांचा प्रश्न.

तुमची गोष्ट आता जो तो आपल्या सोयीनं सांगायला लागलाय. म्हणून म्हटलं, आपणच एकदा सांगावी, आणि ती तुम्हालाच सांगावी. मध्येच "असं न्हाई झालं" म्हणून टोकायला तुम्ही नाही, याची सवय अजून झालेली नाही.

लग्न होऊन आले तेव्हा आपलं अजिबात पटत नव्हतं. मी डिप्लोमा केलेली, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. तुम्ही अख्खी नोकरी पिंपरीच्या कंपनीत काढलेले, ती बंद पडल्यावर घरी बसलेले. तुम्ही म्हणायचात, "आमच्यात असं करत न्हाईत." मी विचारायचे, "कामून?" मग तुम्ही आईंकडे बघून म्हणायचात, "हिच्या बीडात शाळंत येवढंच शिकवत्यात काय गं?" आई हसायच्या आणि भाकरी थापत राहायच्या. तरी भावकीत जेव्हा कुजबुज सुरू झाली की सून दुसऱ्या शिफ्टला जाते, रात्री उशिरा बसमधून उतरते, तेव्हा तुमचे थोरले भाऊ तात्या घरी येऊन बसले होते आणि तुम्ही त्यांना एवढंच बोललात, "मी बी शिफ्टला जायचो. तवा कुणी इचारलं न्हाई." त्या आठवड्यापासून तुम्ही स्कूटर घेऊन बस थांब्यावर यायला लागलात. थंडीत मफलर गुंडाळून. मी एकदाही "कशाला त्रास घेता" म्हटलं नाही, कारण मला तुम्ही यायला हवे होतात. हे तुम्हाला मी सांगायला हवं होतं.

आई गेल्या आणि तुम्ही बोलणंच सोडलंत. जेवायला या म्हटलं की यायचात, टीव्ही लावला की बघायचात. भांडणसुद्धा करेनात. मला "कामून" विचारायला कुणी उरलं नाही.

मग ती खंडेनवमी आली. घरातली हत्यारं पूजेला काढायची म्हणून मी माळ्यावर चढले. विळा, कोयता, तुमचे जुने पाने. मागे कोपऱ्यात एक लांब काळी पेटी होती, लहान मुलाला झोपवता येईल एवढी. धूळ पुसली, कडी उघडली. आत पितळेचा एवढा मोठा वळसे घेतलेला पाइप, त्याला पन्नास बटणं आणि टोप्या. मला काही कळेना.

"अण्णा, हे काय आहे?"

तुम्ही खालून वर बघितलंत आणि म्हणालात, "पाइप हाय."

"पाइपाला बटणं असतात का?"

"सॅक्सोफोन हाय. बॅरिटोन. ठिव तितंच."

"कामून?"

कितीतरी महिन्यांनी तुम्ही माझ्याकडे नीट रागानं बघितलंत. "त्याला तोंड न्हाई," म्हणालात. "बिनतोंडाचं काय वाजवायचं?"

पूजा झाल्यावर तुम्ही स्वतःच बोललात. कंपनीचा कामगारांचा बँड होता. फौजेतून निवृत्त झालेला एक बँडमास्तर संध्याकाळी शिकवायला यायचा. पंधरा ऑगस्टला, दसऱ्याला तुम्ही वाजवायचात. सगळ्यांना छोटी वाद्यं हवी असायची, ज्यावर गाण्याची चाल वाजते. तुम्ही सगळ्यात मोठं, सगळ्यात खालच्या आवाजाचं घेतलंत. का, तर म्हणे, "बाकीचे समदे गात्यात. ह्यो त्यांच्या पायाखाली जमीन धरतो." कंपनी बंद पडली तेव्हा बँडची वाद्यं भंगारात निघाली आणि तुम्ही हे भंगाराच्या भावात उचललंत. हातात काम नव्हतं. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायला जाईन म्हणालात. आणि तात्या तिरमिरले. आपण मोशीचे जमीनवाले, आपण बँडवाले झालो तर पोरींची लग्नं कशी व्हायची? वाद्य उचलायला जड होतं, म्हणून त्यांनी माउथपीस उपटला, जो ओठात धरून वाजवतात तो, आणि मळ्यातल्या विहिरीत फेकला.

"मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार? थोरला भाव हाय."

ती विहीर नंतर बुजवली. जमीन बिल्डरला गेली. तुमचा माउथपीस आता एका सोसायटीच्या पार्किंगखाली आहे. मी दर रविवारी भाजीला जाताना त्या गेटवरून जाते आणि त्या गाड्यांचा मला अजूनही राग येतो.

मी तेव्हाच ठरवलं की या वाद्याला तोंड मिळवायचं. तुम्ही नको म्हणालात. मी ऐकलं नाही. इथून आपलं खरं पटायला लागलं.

पुण्यातल्या त्या मोठ्या दुकानात आपण गेलो तो दिवस आठवतो? काचेच्या पेटीतून त्या तरुण सेल्समननं परदेशी माउथपीस काढून तुमच्या तळहातावर ठेवला. काळा, गुळगुळीत. तुम्ही तो फिरवून बघितलात, तोंडाची फट उजेडात धरलीत, आणि तुमचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. मग मी किंमत विचारली. तेवढ्या पैशांत चालू स्थितीतली जुनी मोटरसायकल आली असती. सेल्समन चांगला होता बिचारा. म्हणाला, "काका, आल्टो सॅक्सोफोन घ्या ना त्यापेक्षा. हलका असतो. या वयात बॅरिटोन कशाला?"

तुम्ही माउथपीस परत त्याच्या हातात दिलात. "पोरा, मी तुला वय इचारलं का?"

बाहेर येऊन आपण उसाचा रस प्यायलो. मी कर्ज काढू म्हटलं, तुम्ही म्हणालात, "तोंडासाठी कर्ज? लोक घरासाठी काढत्यात." आणि हसलात. आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

मग ऑनलाइन मागवला. फोटोत बरोबर होता, आला तो छोट्या सॅक्सोफोनचा. तुमच्या वाद्याच्या मानेवर तो असा बसला जशी हंड्यावर वाटी. तळेगाव दाभाड्याला एका बँडवाल्याकडे मेरठला बनलेला एक होता, तो आपण लोकलनं जाऊन आणला. रीड, ती फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी, बसायची त्याची जागाच सपाट नव्हती. फुंकर मारली की अर्धी हवा बाजूनं जायची आणि अर्धी किंचाळायची. शेजारच्या मोरेबाई विचारायला आल्या, "कुत्रं गाडीखाली आलं का हो?" तुम्ही तो काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासत बसलात, रोज सकाळी. घासून घासून फट इतकी मोठी झाली की शेवटी त्यातून वाराच वाहायला लागला.

मग माझी पाळी. आमच्या टूल रूममधल्या स्वप्नाली मॅडमना मी गळ घातली. तळेगावचा वाकडा माउथपीस मोजून, सरळ करून, त्यांनी थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकचा एक छापून दिला. हिरवा, कारण मशीनमध्ये हिरवंच प्लॅस्टिक लावलेलं होतं. तुम्ही त्याला "पोपट" म्हणायला लागलात. पण अण्णा, पोपट बोलला. शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरात मिक्सरवर चटणी करत होते आणि अचानक ओटा थरथरल्यासारखं वाटलं. मी मिक्सर बंद केला. तरी थरथर चालूच. आतल्या खोलीतून तो आवाज येत होता. जाड, खालचा, जमिनीतून निघाल्यासारखा. एकच सूर, लांब. मग दम संपला, खोकला, आणि परत तोच सूर.

मी बाहेर आले नाही. ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले. तुम्हाला वाटलं मला ऐकूच गेलं नाही. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "ऐकलंस का?" आणि मी म्हणाले, "काय?" का असं म्हणाले कोण जाणे. आज सांगते, ऐकलं होतं.

पोपट उन्हाळ्यात गेला. धुऊन तुम्ही गच्चीच्या कठड्यावर वाळत ठेवलात आणि मे महिन्याच्या उन्हात त्यानं मान टाकली. मी दुसरा बनवून आणला, उष्णता सोसणाऱ्या नायलॉनचा, फटही पहिल्यापेक्षा नीट. तुम्ही तो तोंडालाही लावला नाहीत. "एकदा वाजवून तर बघा," मी म्हणायचे. "एकदा रडलो, पुरे," तुम्ही म्हणायचात. यावरून आपलं किती वाजलं! तुमचं म्हणणं, एबोनाइटचाच पाहिजे, कडक रबराचा, कंपनीत होता तसा. माझं म्हणणं, आवाज आतल्या आकारातून येतो, कशाचा बनलाय यातून नाही. तुम्ही म्हणायचात, "तू वाजवतीस का मी?" अण्णा, हा वाद मिटलेला नाही. नायलॉनचा तुकडा माझ्या कपाटात आहे. तुम्ही चूक होतात असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आत्ताही वाटतं. तुम्ही गेलात म्हणून मी तुमचं म्हणणं मान्य करणार नाही.

हनीफभाईंकडे आपण जवळजवळ हरूनच गेलो होतो. पिंपरीत संत तुकाराम नगरच्या पुढे त्यांचं बँडचं दुकान, भिंतीला लाल कोट टांगलेले, खाली ढोल एकावर एक रचलेले. तुम्ही कामावर होता तेव्हा त्यांचे वडील बँड चालवायचे आणि कंपनीच्या बँडमधले लोक तिथे चहाला बसायचे, एवढी तुमची ओळख. हनीफभाईंनी तुम्हाला ओळखलं नाही. वाद्याचं नाव काढलं तसं ओळखलं.

"कंपनीचा बॅरिटोन? तो अजून हाय?"

"हाय. तोंड न्हाई."

ते आत गेले आणि एका मिठाईच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. त्यांच्या वडिलांच्या वेळचा माउथपीस. एबोनाइटचा, उन्हानं किंचित तपकिरी पडलेला, दातांच्या खुणा असलेला. त्यांचा स्वतःचा बॅरिटोन कधीचाच विकला गेला होता, तोंड तेवढं राहिलं होतं. तुम्ही सोबत आणलेली पेटी उघडली, वाद्याच्या मानेवर तो बसवला, रीड बांधली आणि वाजवलंत. दुकानातले ढोल आपोआप घुमले. बाहेर टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

मी पर्स उघडली. "कितीला द्याल?"

हनीफभाई म्हणाले, "ताई, विकायचा नाही. अब्बांचा आहे." माझं तोंड पडलेलं बघून ते तुमच्याकडे वळले. "पण अण्णा, नुसता पडून ठेवण्यात तरी काय अर्थ? तुम्ही न्या. पैसे नको. सीझनला माझ्याकडे वाजवायला या. जोवर वाजवताय तोवर तुमचा."

लग्नाचा बँड. रस्त्यात, लाल कोट घालून. ज्याच्यासाठी विहिरीत माउथपीस गेला होता तीच गोष्ट. मी तुमच्याकडे बघितलं. वाटलं, आता तुम्ही तात्यांचं नाव घ्याल, भावकीचं नाव घ्याल, "थोरला भाव हाय" म्हणाल.

तुम्ही माउथपीसवरून अंगठा फिरवत होतात. म्हणालात, "कवापास्नं?"

त्या एका शब्दासाठी मी तुम्हाला आयुष्यभर मानेन.

संदीपला सांगितलं. तो म्हणाला, "अण्णा, तात्या काय म्हणतील?" तुम्ही कोटाची बटणं लावून बघत होतात, पोटावर एक लागत नव्हतं. "म्हणू दे," म्हणालात. "त्येचं तोंड हाय, माझं बी हाय आता." ते बटण मी पुढे घेऊन दिलं.

आणि मग ते तात्यांच्या नातवाचं लग्न. बँड हनीफभाईंचाच ठरला, कारण कार्यालयवाल्यांनीच ठरवला होता. हनीफभाई स्वतः घरी आले. "अण्णा, त्या दिवशी सुट्टी घ्या. घरचं कार्य आहे. फेटा बांधा, मांडवात बसा."

तुम्ही म्हणालात, "सीझनला वाजवीन असं बोललोय. ही तारीख सीझनात येती का न्हाई?"

"येते, पण..."

"मग झालं तर."

मी तेव्हा तुमच्याशी भांडले नाही. भीती वाटत होती, पण भांडले नाही. चैत्रातली संध्याकाळ होती, नाशिक रस्त्याच्या कडेला त्या लॉन्सच्या कमानीपासून वरात निघाली. पुढे झांजा, ताशे, मग ट्रम्पेटवाले, आणि सगळ्यात मागे तुम्ही, गळ्यात पट्टा, अंगावर लाल कोट, पोटाशी तो पितळेचा अजगर. मी बायकांमध्ये चालत होते. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. बँडवाल्यांकडे कोण बघतं? मग एका पोरीनं ओळखलं. "ए, हे तर अण्णाआजोबा!" आणि ती कुजबुज वाऱ्यासारखी पुढे गेली.

तात्या पुढून उलटे चालत आले. पांढरा फेटा, हातात काठी. तुमच्यासमोर उभे राहिले. वरात थांबली, पण बँड थांबला नाही, कारण हनीफभाईंनी हात वर केला नव्हता. तात्या ओरडले, "घरची अब्रू रस्त्यावर आणलीस, आण्या! उतरव ते!"

तुम्ही वाजवत राहिलात. डोळे त्यांच्यावर, गाल फुगलेले, बोटं चालू. तात्या बोलत राहिले, तुम्ही वाजवत राहिलात. गाणं संपेपर्यंत. मग तुम्ही माउथपीस ओठांतून काढला, रुमालानं पुसला आणि शांतपणे म्हणालात, "तात्या, तोंडात माउथपीस असताना बोलता येत न्हाई. आता बोला."

बायकांतून तात्यांच्याच मंडळी, मोठ्या काकू, तरातरा पुढे आल्या. मला वाटलं आता त्याही बोलणार. त्यांनी तुमच्यावरून दोन्ही हात ओवाळले आणि कानशिलांवर बोटं मोडली, कडाकडा. "दीर माझा राजावानी दिसतोय," म्हणाल्या. "वाजवा भावजी."

तात्या त्या दिवसापासून तुमच्याशी बोलले नाहीत. शेवटपर्यंत नाही. लोक म्हणतात, याचं तुम्हाला वाईट वाटत असेल. वाटत होतं. तुम्ही सणाला त्यांच्या घराकडे बघत बसायचात, ते मी बघितलंय. पण दुसऱ्या दिवशी वरात असली की कोट घालून तयार असायचात. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यातली एकच घेऊन कुणी माझ्याकडे येऊ नये.

तुम्ही गेल्यावर पहिलं भांडण चौकातल्या फ्लेक्सवरून झालं. तुमच्या पुतण्यांनी मजकूर आणि फोटो ठरवूनच आणला होता. पांढरी टोपी, कपाळाला गंध, खाली "प्रगतशील शेतकरी". तुम्ही शेती कधी केली हो? मळा पिकत होता तेव्हा तुम्ही कंपनीत होतात. मी म्हटलं, "हा फोटो नाही. लाल कोटातला लावायचा, वाद्यासकट."

"वैनी, चौकात लागणार आहे तो. पाव्हणे बघतील."

"बघू देत की. वरातीत बघितलंच होतं त्यांनी."

संदीप खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, नेहमीसारखा गप्प राहील. तुमचा मुलगा तुमच्यासारखा पटकन बोलणारा नाही, हे तुम्हालाही माहीत होतं. त्यानं खिशातून फोन काढला, तुमचा तो फोटो पुतण्यांना पाठवला आणि म्हणाला, "हाच लावा. आणि शेतकरी लिहू नका. वादक लिहा."

फ्लेक्स लागला त्याच संध्याकाळी तात्यांचा फोन आला, उतरवा म्हणून. संदीप म्हणाला, "तात्या, मी चढवलाय. उतरवायचा तर तुम्ही या." तात्या आले. गाडीतून उतरून काठी टेकत चौकात उभे राहिले, बराच वेळ. हात लावला नाही. परत गाडीत बसून गेले. त्यांना काय वाटलं, मला माहीत नाही. मी विचारायला जाणार नाही. क्षमा, पश्चात्ताप वगैरे जे काही असेल ते त्यांनी तुमच्याकडे मागायला हवं होतं, तेव्हा तुम्ही दोन गल्ल्या पलीकडेच होतात.

आणि बघा गंमत. फ्लेक्सचा फोटो पोरांच्या फोनवरून फिरला, लोक "भारी माणूस" म्हणायला लागले, आणि तेच पुतणे तेराव्याला म्हणाले, "वैनी, वाद्य देवळाच्या सभागृहात ठेवू. काचेची पेटी करू, लाइट सोडू, अण्णांचं नाव घालू." ज्यांना दहा दिवसांपूर्वी लाज वाटत होती, ते आता हार घेऊन उभे!

तुम्ही याबद्दल काही सांगून गेला नाहीत. आपण माउथपीसवर इतके भांडलो, पण तुमच्यानंतर याचं काय, हे ना तुम्ही बोललात ना मी. म्हणून मला माझ्या अकलेनं करावं लागलं. रविवारी संदीपनं पेटी गाडीत ठेवली आणि आम्ही पिंपरीला गेलो. हनीफभाई म्हणाले, "ताई, माउथपीसची घाई नाही. घरात राहू द्या आठवण म्हणून." मी म्हटलं, "मी माउथपीस परत द्यायला आले नाही. मी त्याच्यामागचं सगळं द्यायला आलेय. जोवर वाजतंय तोवर तुमचं." त्यांनी आतल्या माणसाला हाक मारली, "सुनील, इकडे ये. उचलून बघ, झेपतंय का." सुनील तळेगावचा, छोटा सॅक्सोफोन वाजवणारा. त्यानं पट्टा गळ्यात घातला आणि पहिल्याच फुंकरीला लाल झाला.

घरी येताना मोठ्यानं रडायला आलं. चूक केली असं वाटलं म्हणून नाही. माळा रिकामा झाला म्हणून.

काल मी कामावर गेले. तुमच्यानंतर पहिल्यांदा. संध्याकाळी कंपनीची बस चाकणहून निघाली आणि मोशीच्या अलीकडे अडकली. तुळशीची लग्नं झाली, माणसांची सुरू झाली. पुढे लॉन्ससमोर वरात होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, बसमधल्या बायका म्हणत होत्या, या बँडवाल्यांना रस्त्यात नाचायला कोण परवानगी देतं? मी खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि पायाखालची फळी थरथरली. इंजिनची नव्हती ती थरथर. मी ओळखते.

उठून पुढे गेले. "दादा, दार उघडा. मी इथेच उतरते."

"ताई, अजून स्टॉप आला नाही."

"माहितेय. उघडा."

म्हणतात, माणूस गेल्यावर घरच्यांनी वर्षभर मंगलकार्याला जाऊ नये. मी मांडवात गेले नाही. दुभाजकाच्या कडेला, धुळीत, डबा हातात धरून उभी राहिले. सुनील सगळ्यात मागे होता, घामानं चिंब. चुकत होता, अण्णा, फार चुकत होता. सूर कुठल्या कुठे, दम तर अर्ध्या ओळीतच संपत होता. तुम्ही असतात तर शिवी हासडली असतीत. मी हासडली नाही. वरात जाऊ द्या म्हणून मी ट्रकवाल्याला हात दाखवला, तो ओरडला, "ओ बाई, किती वेळ?" आणि मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "शिकतोय तो अजून! थांबा!"